गाळा नंबर सात आणि पन्नास कंपन्यांचा फंड

इंदापूरच्या मंडईमागच्या बोळात इंदिरा भोंग यांचं शिलाईचं दुकान होतं. दहा बाय आठची जागा, दोन मशिनी, एक पिको-फॉलची, आणि भिंतीवरच्या खुंट्यांना लटकवलेल्या कापडी पिशव्या. प्रत्येक पिशवीत एक कापड आणि एक मापाचा ब्लाऊज. दुकानाला पाटी नव्हती. भिगवण, निमगाव केतकी, वालचंदनगरकडून येणाऱ्या बायका बोळाच्या तोंडाशी उभ्या राहून विचारत, की भोंगबाईंचं दुकान कुठलं, आणि कोपऱ्यावरचा नारळवाला मान न वळवता हात करून दाखवत असे.

इंदिराबाईंची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. मापाला जो ब्लाऊज दिला, तसाच नवा उतरायचा. तोच मुंढा, तोच गळा, तितकीच बाही. गावात आता नव्या शिकलेल्या मुली होत्या, त्या गिऱ्हाइकाला मोबाइलवर चित्रं दाखवत आणि मागून गळा असा घेऊ का, तसा घेऊ का, म्हणून सुचवत. इंदिराबाई काही सुचवत नसत. मापाच्या ब्लाऊजची डावी बाही किंचित आवळ असेल तर एकदाच विचारत, "ही अशीच ठेवू?" गिऱ्हाईक "ठेवा" म्हणालं, की तशीच ठेवत. एका शिक्षिकेनं कौतुकानं म्हटलं होतं, की तुमच्या हाताला कला आहे. इंदिराबाईंना ते फारसं रुचलं नव्हतं. "कला नको वो," त्या म्हणाल्या होत्या, "बाईला जो अंगाला बसलाय तो ती मापाला देती. त्यात माझं डोकं कशाला?"

त्यांचं माहेर बारामती तालुक्यातलं सांगवी. नीरेकाठचं, उसाचं गाव. लग्नाआधी त्या एसटीनं बारामतीला शिवणक्लासला जात. दिलं इंदापूरला, एसटीच्या डेपोत मेकॅनिक असलेल्या नारायण भोंगांना. नारायणराव आता निवृत्त झाले होते, मुलगी सई लग्न होऊन पुण्याला होती, आणि अठ्ठावन्न वर्षांच्या इंदिराबाईंची आयुष्याबद्दल म्हणावी अशी तक्रार नव्हती. सकाळी भाकरी-भाजी उरकून दुकान, दुपारी नारायणराव डबा घेऊन येत, आणि उन्हं कलली की दोघं सोबत घरी. हे असंच चालावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

ते तसं चालणार नव्हतं. बोळातली जागा भाड्याची होती आणि मालकाच्या मुलाला तिथं मोबाइलचं दुकान घालायचं होतं. त्यानं आदबीनं सांगितलं, "काकू, घाई नाही, पण दीड-दोन वर्षांत बघा कुठं तरी." इंदिराबाईंनी बघितलं. एसटी स्टँडजवळ नवं कॉम्प्लेक्स होणार होतं. तळमजल्यावरचा गाळा नंबर सात, कोपऱ्यातला, रस्त्याला तोंड असलेला, त्यांना पसंत पडला. त्यांनी थोडी रक्कम देऊन नाव घातलं. स्लॅब पडला की मोठा हप्ता द्यायचा, उरलेले पैसे महिन्याच्या हप्त्यानं. बिल्डर म्हणाला, "स्लॅबला दोन वर्षं धरा, मावशी."

मोठ्या हप्त्याची सोय होती. त्यांची विम्याची पॉलिसी त्याच उन्हाळ्यात पिकली होती आणि चार लाख रुपये खात्यावर आले होते. प्रश्न एवढाच होता, की हे पैसे दोन वर्षं ठेवायचे कुठं.

"बँकेत," नारायणराव म्हणाले. त्यांचं मत नेहमीच एका शब्दात असे.

पण त्याच दिवसांत ती कलेचं कौतुक करणारी शिक्षिका दुकानात बसून इंडेक्स फंडाबद्दल बोलली होती. निफ्टीच्या यादीत देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्या असतात. यादीत ज्या प्रमाणात त्या आहेत, त्याच प्रमाणात फंड त्यांचे शेअर घेऊन ठेवतो. कुठली कंपनी बरी, कुठली वाईट, हे फंड चालवणाऱ्यानं ठरवायचंच नाही. इंदिराबाईंचं मशीन थांबलं.

"म्हणजे त्यानं स्वतःचं डोकं लावायचं न्हाय?"

"नाही. लावलं तर चूक."

ही गोष्ट त्यांना इतकी पटली, की त्या रात्रीपर्यंत त्यांच्या मनात तो फंड म्हणजे मापाला ब्लाऊज देऊन शिवलेला ब्लाऊज होऊन बसला होता.

नागपंचमीला त्या दरवर्षी सांगवीला जात. त्या वर्षीही गेल्या. थोरला भाऊ बापूसाहेब पडवीत बसला होता. त्रेसष्ट वर्षांचा, कारखान्याचा जुना सभासद. त्याची मुलगी उत्कर्षा बारामतीच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवायची. तीही सणाला आली होती. आत्यानं फोनवर सांगून ठेवल्यामुळं तिनं दोन फंडांची महिन्याची माहितीपत्रकं छापून आणली होती. पुरणपोळ्या झाल्यावर ती तिनं सतरंजीवर मांडली.

"दोन्ही निफ्टी पन्नासचेच फंड आहेत, आत्या. माल तोच. हा पहिला दरवर्षी निर्देशांकाच्या साधारण दोन दशांश टक्के मागं राहतो. तो त्यांचा खर्च. आणि हा दुसरा, गेल्या वर्षी तीन दशांश टक्के पुढं होता."

बापूसाहेबांनी सुपारी कातरायची थांबवली. "मग इचारायचं काय त्यात? दुसरा घ्या."

"आबा, थांबा ना."

"थांबायचं कशाला? समजा, सरकारनं उसाला दर ठरवून दिला. एका कारखान्यानं त्याच्या मागं दिला, एकानं वर दिला. तू ऊस कुठं घालशील? प्राध्यापकीण हायेस, सांग."

सांगवीत हा युक्तिवाद खोडून काढणं सोपं नव्हतं. तिथं हंगाम संपला, की पारावर एकच विषय असतो, कुठल्या कारखान्यानं ठरलेल्या दराच्या वर किती दिले. दोन कारखान्यांच्या दरातल्या फरकावरून सोयरिकीतली बोलणी बंद झालेली बापूसाहेबांनी पाहिली होती. जो वर देतो तो चांगला, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

उत्कर्षानं दुसऱ्या पत्रकावर बोट ठेवलं. "हाच फंड त्याच्या आदल्या वर्षी सात दशांश टक्के मागं होता. याचं कारण बघा. लोकांचे आलेले पैसे यांनी वेळेत शेअरमध्ये घातले नाहीत, तसेच पडून राहिले. बाजार चढला तेव्हा ते मागं राहिले. गेल्या वर्षी ते पैसे नेमके पडत्या बाजारात पडून होते, म्हणून पुढं दिसतात. हुशारी नाही, ढिलाई आहे."

"ढिलाईनं का व्हईना, दिलं का न्हाय वर?"

"पुढच्या वर्षी देतील कशावरून?"

"आणि तो पहिला देईल कशावरून?"

"तो वर देणारच नाही, आबा. तो कधीच देणार नाही. तेच तर त्याचं काम आहे."

बापूसाहेबांनी बहिणीकडं बघितलं. "ऐकलंस का इंदे? कधीच न देणारा कारखाना दाखवतीया आपली लेक."

सगळे हसले. इंदिराबाई हसता हसता दोन्ही पत्रकं जवळ ओढून बघत होत्या. उत्कर्षानं त्यांना एक आकडा दाखवला. त्याला ट्रॅकिंग एरर म्हणतात, ती म्हणाली. फंड आणि निर्देशांक यांच्यातलं अंतर रोज सारखंच राहतं, की कधी कमी, कधी जास्त होतं, ते त्यावरून कळतं. पहिल्याचा आकडा शून्याला चिकटलेला होता, चार शतांश. दुसऱ्याचा त्याच्या पंधरापट.

"म्हंजे असं बघ," इंदिराबाई म्हणाल्या, "एखादी शिंपीण दर ब्लाऊजला कमरेत पाव इंच सैल ठेवती. गिऱ्हाइकाला ठाऊक असतं, ती तसं धरून चालती. दुसरी एकदा आवळ करती, एकदा सैल. तिचा एखादा ब्लाऊज झकास बसतो, पण पुढचा कसा येईल ते तिलाबी ठाऊक न्हाय."

"अगदी बरोबर, आत्या."

"मग मला पहिली शिंपीण पायजे."

"अगं, ब्लाऊज आणि पैसा एक हाय व्हय?" बापूसाहेब म्हणाले.

"ऊस आणि पैसा एक हाय का मग?"

पत्रकावर आणखी बरंच काही होतं. बीटा एक, असं लिहिलेलं होतं. उत्कर्षानं सांगितलं, की बाजार दहा टक्के हलला तर हा फंडही दहाच टक्के हलणार. वरच्या कोपऱ्यात घड्याळासारखी तबकडी होती आणि तिचा काटा 'जोखीम अतिशय जास्त' या लाल घरात होता. इंदिराबाईंनी दोन्ही पत्रकांवरच्या तबकड्या ताडून बघितल्या. काटा दोन्हीकडं त्याच घरात. निवड करायला त्याचा उपयोग नव्हता, म्हणून त्यांनी तो सोडून दिला. उत्कर्षा म्हणाली होती, की इतक्या थोड्या मुदतीचे पैसे असले तर विचार करावा. पण तेवढ्यात तिची आई चहा घेऊन आली, कुणीतरी झोका बांधल्याचं सांगत आलं, आणि बोलणं तिथंच राहिलं. घरी परतताना एसटीत इंदिराबाईंच्या डोक्यात एकच आकडा होता: चार शतांश टक्के. फंडाचा धोका तेवढाच, असा त्यांचा समज झाला होता. यापेक्षा कमी धोका तर बँकेतही नसेल, असं त्या नारायणरावांना म्हणाल्या.

केवायसीचे कागद पुरे व्हायला गणपती उलटले. पैसे भरले ते पितृपंधरवड्यात. त्या दिवसांत कुणी नवे कपडे शिवायला टाकत नाही, दुकानात मोकळीक असते, म्हणून. बापूसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी फोनवर कपाळाला हात लावल्याचं ऐकू आलं. "पितृपाटाच्या दिसात नवं काम? इंदे, अगं घटाला थांबली असतीस." त्यांनी स्वतःही थोडे पैसे घातले होते, दुसऱ्या फंडात, पण मुहूर्त बघून घातले होते.

नवरात्र आलं, दिवाळी आली. खुंट्यांवर पिशव्यांची जागा उरली नाही. इंदिराबाईंनी फंडाकडं बघितलं नाही. बघायचं काम नारायणरावांनी स्वतःकडं घेतलं होतं. निवृत्तीनंतर त्यांना सकाळी काहीतरी तपासायला हवं असे. पूर्वी ते गाडीचं ऑइल तपासत, आता ॲप. दिवाळीपर्यंत ते दुपारच्या डब्याबरोबर आकडा सांगत. नंतर त्यांनी सांगणं कमी केलं. जानेवारीत ते नुसते डबा ठेवून पेपर वाचत बसू लागले.

"काय म्हणतो फंड?" इंदिराबाईंनी एकदा काज करता करता विचारलं.

"खाली."

"किती?"

"लग्नसराई उरकू दे. मग सांगतो."

सांगायची वेळ लग्नसराईच्या ऐन मध्यात आली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बिल्डरचा फोन आला, की स्लॅब पडला, महिनाअखेर हप्ता भरावा. इंदापुरात एखादं बांधकाम ठरल्या वेळेआधी होऊ शकतं, ही शक्यता घरात कुणीच धरली नव्हती. बिल्डरला पैसेवाला भागीदार मिळाला होता म्हणे. तो फोनवर खुशीत होता. "तुम्हीच म्हणत होता ना मावशी, लवकर करा म्हणून!"

नारायणरावांनी ॲप उघडून मोबाइल कटिंगच्या टेबलावर ठेवला. चार लाखांचे तीन लाख चाळीस हजार झाले होते.

इंदिराबाईंनी चष्मा लावून आकडा वाचला, मग चष्मा काढून पुसून पुन्हा वाचला. "चार शतांश टक्के म्हणाली होती की पोरगी."

"हे पंधरा टक्के हाय," नारायणराव म्हणाले.

त्यांनी उत्कर्षाला फोन लावला. मशीन बंद होतं आणि स्पीकर चालू. उत्कर्षानं आधी आत्याच्या फंडाचा आणि निर्देशांकाचा आकडा जुळवून बघितला. मग ती म्हणाली, "आत्या, तुझा फंड चुकलेला नाही. निर्देशांक जेवढा पडला तेवढाच हा पडलाय, वर त्यांचा नेहमीचा खर्च. तंतोतंत."

"मग चुकलं काय?"

"चार शतांश हा नक्कल किती बरोबर आहे त्याचा आकडा. मूळ वस्तू किती वरखाली होते, त्याचा आकडा वेगळा."

तो आकडा कुठला, ते तिनं सांगितलं. स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात. त्या पत्रकावर तो चौदाच्या आसपास होता. वर्षाला सरासरी बारा टक्के मिळत असतील, तर तीनांतल्या दोन वर्षांत मिळणारा आकडा बाराच्या चौदा इकडं किंवा चौदा तिकडं असा कुठंही पडतो. म्हणजे उणे दोनपासून सव्वीसपर्यंत. आणि तिसरं वर्ष त्याच्याही बाहेर जाऊ शकतं. शार्प रेशो म्हणून आणखी एक आकडा होता. एवढी वरखाली सोसल्याबद्दल बिनधोक ठेवीपेक्षा जास्त किती मिळालं, ते त्यावरून कळतं. पण तोही बरीच वर्षं थांबणाऱ्यासाठी.

इंदिराबाई म्हणाल्या, "हा चौदा दोन्ही कागदांवर होता?"

"दोन्हीकडं जवळजवळ तोच. मालच तो."

"आणि तो लाल काटाबी दोन्हीकडं तितंच होता. म्हणून मी बघितला न्हाय. दोन शिंपिणींत चांगली कुठली, ते आपण दिवसभर बघत बसलो. मापाचा ब्लाऊज कसाय, ते कुणीच बघितलं न्हाय."

"मी बोलायला हवं होतं, आत्या."

"तू बोलली हुतीस. मी झोक्याकडं गेले."

बापूसाहेब दुसऱ्याच दिवशी आले. सांगवीहून बारामतीमार्गे इंदापूर, मोटारसायकलवर, डोक्याला उपरणं गुंडाळून. ऊस नुकताच तुटून गेला होता, हात मोकळा होता. दुकानात शिरून ते गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पितृपाट."

"दादा, तू मुहूर्त बघून घातलेस, तुझं काय झालं?"

बापूसाहेब खुंट्यांवरच्या पिशव्या बघू लागले.

"सांग की."

"पावणंपंधरा टक्के गेलं."

"माझं पंधरा," इंदिराबाई म्हणाल्या. नारायणराव पेपरमागून हसल्याचा आवाज आला.

"दाजी, हसू नका. पाव टक्का का व्हईना, माझा वरच हाय." मग बापूसाहेबांनाही हसू आवरलं नाही. पंचमीला ज्या तीन दशांश टक्क्यांवरून दुपार गेली होती, ते या घसरणीत शोधूनही दिसत नव्हते. हसून झाल्यावर ते मुद्द्यावर आले. "हे बघ, गाळा हातचा घालवू नको. सगळे पैसे काढ. खालचे साठ हजार मी घालतो. परत दे म्हणून मी कधी तरी म्हणलोय का?"

"तू म्हणणार न्हाईस. वैनी म्हणंल."

"ती काय म्हणायची न्हाय."

"मग तू दर दिवाळीला ओवाळणीच्या ताटात बघून म्हणशील, पितृपाट."

बापूसाहेबांनी दाजींकडं बघितलं. दाजींनी पेपर उलटला. त्यांचं मत ठरलेलं होतं आणि ते त्यांनी उन्हाळ्यातच एका शब्दात दिलं होतं. ते आता पुन्हा काढायचं नाही, एवढा समजूतदारपणा त्यांच्यात होता.

इंदिराबाईंना भावाचे पैसे नको होते, आणि सगळा फंड पंधरा टक्के खाली विकायचाही नव्हता. गाळा मात्र हवाच होता. बोळातली जागा जाणार होती; वयाच्या साठाव्या वर्षी घरातल्या पुढच्या खोलीत मशीन टाकून, कोण येतंय का बघत बसायची त्यांची तयारी नव्हती. त्या दिवशी त्यांनी तीन ब्लाऊज कापले, पण शिवला एकही नाही. संध्याकाळी भाऊ निघाला तेव्हा त्या त्याच्याच बरोबर बाहेर पडल्या आणि म्हणाल्या, "मला स्टँडापतूर सोड. बिल्डराला भेटते."

"मी येतो आत."

"तू बाहेर थांब. तू आत आलास की दर काढशील."

कॉम्प्लेक्स अजून विटांचंच होतं. जिन्याला कठडा नव्हता. बिल्डरच्या ऑफिसात भिंतीवर नकाशा लावलेला होता आणि त्यावर गाळ्यांचे चौकोन रंगवलेले. विकले गेलेले लाल. तळमजला जवळजवळ सगळा लाल झाला होता. पहिला मजला पांढराच.

"वर कुणी घेत न्हाय का?" इंदिराबाईंनी विचारलं.

"गिऱ्हाईक जिना चढत नाही हो मावशी. किराणा, मोबाइल, बेकरी, सगळ्यांना खालीच पाहिजे. वर एखादा वकील, नाही तर क्लासवाला येईल."

"वरचा हप्ता किती?"

त्यानं सांगितलं. तळमजल्याच्या निम्म्याहून थोडा जास्त होता. इंदिराबाई त्या पांढऱ्या चौकोनांकडं बघत राहिल्या. त्यांच्याकडं रस्त्यानं चाललेलं गिऱ्हाईक कधीच आलं नव्हतं. इतकी वर्षं बोळात, बिनपाटीच्या दुकानात, बायका विचारत विचारत आल्या होत्या. कोपऱ्यातला, रस्त्याला तोंड असलेला गाळा त्यांनी मग का धरून ठेवला होता? सगळे तोच मागत होते, म्हणून असेल.

"उत्तरेला खिडकी असलेला कुठला?"

"बारा नंबर. पण तो मागं स्टँडच्या बाजूला तोंड करून आहे."

"उजेड येतो का?"

"उजेड भरपूर. बाकी काही नाही."

त्या बाहेर आल्या तेव्हा बापूसाहेब मोटारसायकलवर रेलून उभे होते.

"काय झालं?"

"सात सोडला. वरचा बारा घेतला. फंडातले दोन हिस्से काढते, तिसरा हिस्सा ऱ्हाऊ दे तसाच. त्याला मुदत न्हाय."

बापूसाहेबांनी वरच्या मजल्याकडं बघितलं. "अगं, वर कोण चढंल?"

"कापड जिला द्यायचंय ती चढंल."

"आणि माझे साठ हजार?"

"तुझ्या त्या वर देणाऱ्या फंडात घाल."

विकताना जे गेलं ते गेलं. त्याचा हिशेब इंदिराबाईंनी नारायणरावांना करू दिला नाही. पावसाळ्यापर्यंत बाजार बराचसा वर आला. नारायणरावांनी डब्याबरोबर पुन्हा आकडे सांगायला सुरुवात केली, आणि तेव्हा विकलं नसतं तर काय झालं असतं, हेही एकदा सांगून बघितलं. इंदिराबाईंनी सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, की मग गाळ्याचा हप्ता त्या महिन्यात कुणी भरला असता. नारायणरावांनी डबा उघडला. पितृपंधरवड्यात दुकानात धंदा नसतो, हे इंदिराबाईंना दर वर्षी ठाऊक असतं, म्हणून त्या पंधरवड्याचं भाडं त्या श्रावणातच बाजूला काढून ठेवतात. फंडाच्या पडत्या महिन्यासाठीही तसंच करायला हवं होतं. आता त्या उत्कर्षाला दर सहा महिन्यांनी फोन करून तीन गोष्टी विचारतात: नक्कल बरोबर चाललीय का, खर्च वाढवला का, आणि मूळ माल किती हलला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून त्या काही करत नाहीत. ऐकून मात्र घेतात.

दिवाळीआधी दुकान वर गेलं. मशिनी चढवताना हमालांनी शिव्या दिल्या. खिडकीखाली एसटी स्टँडचा मागचा भाग दिसतो, आणि नारायणराव तिथं खुर्ची टाकून कुठल्या गाडीचं इंजिन कसं वाजतंय, हे न विचारता सांगत बसतात. तरुण बायका जिना चढून येतात. गुडघे धरलेल्या बायकांचा प्रश्न होता, तो नारायणरावांनी सोडवला. त्यांनी खिडकीच्या गजाला डेपोतली जुनी कप्पी बसवली, तीतून दोर ओवला आणि दोराला पिशवी बांधली.

पहिल्याच आठवड्यात लोणी देवकरच्या एक म्हाताऱ्या बाई खाली येऊन उभ्या राहिल्या आणि वर तोंड करून ओरडल्या, "इंदिरे, हाईस का न्हाईस?"

"हाय! पिशवी सोडती."

पिशवी खाली गेली. बाईंनी तीत चोळीचा नवा खण टाकला, आणि जरा विचार करून कनवटीच्या नोटाही टाकल्या.

"शिलाई आगाव टाकलीया. मोजून घे गं."

"मोजती कशाला? वर या चहाला."

"तुजा जिना कोण चढंल? चहा खाली सोड."

नारायणरावांनी कप्पीकडं बघितलं, मग चहाच्या किटलीकडं, आणि ते उठून दोर तपासू लागले.